डाव्या हाताच्या पायऱ्या

माझे वडील, आबा, कराचीच्या बंदरात बावटेवाले होते. बंदराच्या तोंडाशी मनोरा नावाचं एक खडकाळ टोक समुद्रात घुसलेलं आहे आणि त्याच्यासमोर कालवांचे, म्हणजे शिंपल्यांचे, खडक. मधून पाण्याची चिंचोळी वाट आत जाते. कराचीत येणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याच वाटेनं यावं लागे. टोकावर एक जुना पडका किल्ला होता, आणि त्याला लागून असलेल्या उंच माचीवरून आबा बावटे चढवत. जहाज दिसलं की बंदराला कळवायचं, आणि बंदराचा हुकूम आला की जहाजाला कळवायचं, थांब किंवा ये. एवढंच काम.

आजोबा रत्नागिरीकडून खलाशी म्हणून आले ते तिकडेच राहिले. आबांचा जन्म तिथला, माझाही तिथलाच. आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी एका खोलीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शाळा मराठी होती, खेळ सिंधीत चालायचे आणि घरात दोन्हींची सरमिसळ.

आबांना किल्ल्याचं वेड होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण सुट्टीच्या दिवशी वही घेऊन पावलांनी भिंती मोजत हिंडायचा. बुरुज किती, तोफांच्या खाचा किती, दगड कुठल्या खाणीचा. म्हाताऱ्या कोळ्यांना गाठून विचारायचा. जहाजांना वाट दाखवून आत आणणाऱ्या पायलट बोटीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, त्यांचा जिवाभावाचा मित्र होता. तो मुसलमान, किल्ल्याच्या सावलीतच जन्मलेला. आबांची निम्मी माहिती त्याच्याकडूनच आलेली.

किल्ल्याची हकिकत मी आबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मला पाठ झाली होती. चाच्यांपासून बंदर राखायला सिंधच्या मीरांनी तो बांधला. जो किल्ला धरील त्याची ती पाण्याची वाट, आणि ज्याची वाट त्याचं शहर. मग शंभरएक वर्षांपूर्वी इंग्रजांचं मोठं लढाऊ जहाज समोर येऊन उभं राहिलं. किल्ल्यावरून एक तोफ उडाली. एकच. आमच्यावर तोफ डागली, असं म्हणून इंग्रजांनी किल्ल्यावर असा मारा केला की समुद्राकडची भिंत बघता बघता ढासळली. शिपाई आत शिरले तर मूठभर माणसं कोपऱ्यात लपून बसलेली. दुसऱ्या दिवशी न लढता शहर गेलं, आणि पुढे चार वर्षांत सगळा सिंध.

"ती इशाऱ्याची तोफ होती," आबा म्हणायचे. "जहाज दिसलं की शहराला कळवायला बार काढायची रीतच होती. त्यात गोळा नव्हता, नुसती दारू. तो गोलंदाज माझ्यासारखा नोकर माणूस. जहाज दिसलं, त्यानं कळवलं. त्याचं काय चुकलं?"

हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा. जणू कुणी त्यांच्यावरच आळ घेतला होता.

फाळणी झाली तरी आमच्याकडे काही दिवस शांत होतं. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत शहरात दंगल झाली आणि मग सगळेच निघाले. तांडेलानं धावपळ करून आम्हाला एका आगबोटीवर जागा मिळवून दिली. आबा म्हणाले, "बदली माणूस आल्याशिवाय बावटे सोडून कसं जाऊ? चार दिवसांत येईल."

आई म्हणाली, "अहो, तुमच्या साहेबांचं राज्य गेलं, बंदर गेलं. कुणाला कळवणार आहात?"

बदली माणूस यायला महिना लागला. तोवर आमची जागा गेली होती. पुढची जागा मिळाली ती उघड्या डेकवर, तीही एका ट्रंकेनिशी. आईनं ट्रंकेत भांडी आणि गोधड्या भरल्या आणि आबांच्या मोजमापाच्या वह्या बाहेर काढून ठेवल्या. आबांनी ते पाहिलं. वह्या क्वार्टरमधल्या फळीवरच राहिल्या.

डेकवर थंडी होती. आईला ताप भरला तो बोटीवरच.

आम्हाला कल्याण कॅम्पात आणलं. उल्हासनगर हे नाव नंतरचं. लढाईच्या काळातल्या लष्करी बराकी होत्या, लांबच लांब, आणि एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-बारा बिऱ्हाडं. पलीकडे कुणी कूस बदलली तरी ऐकू यायचं. रेशनसाठी नाव लिहायला आबा मला घेऊन कचेरीत गेले. टेबलामागच्या कारकुनानं आमचं आडनाव वाचलं आणि मान वर केली.

"तुम्ही मराठी?"

"हो. कराचीहून आलो."

"मग तुम्ही कसले निर्वासित? गाव असेल की तुमचं. गावाला जा."

"गाव आजोबांनी सोडलं साहेब. तिथं आमचं कुणी नाही. माझा जन्म कराचीचा."

"हा कॅम्प सिंधी लोकांसाठी आहे." त्यानं कागद बाजूला सरकवला. "पुढच्या आठवड्यात या. विचारून ठेवतो."

तीन आठवडे आम्ही नुसत्या खेपा घातल्या. शेवटी आमच्या समोरच्या पडद्याआड राहणारे सिंधी मास्तर आबांबरोबर गेले आणि कचेरीत मोठ्यानं म्हणाले, "ये हमारे साथ के हैं. हमसे पहले के कराचीवाले हैं." तेव्हा नाव लागलं.

मास्तरांच्या बायकोनं आईची शुश्रूषा केली. मला ती "धीअ" म्हणायची, म्हणजे मुलगी. पण ताप उतरला नाही. दवाखान्याच्या तंबूत जागा मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नळावर मी पाण्याच्या रांगेत उभी असताना, आई गेली. मला बोलवायला आबा आले. रांगेत माझा नंबर जवळ आला होता. मी म्हटलं, "थांबा, एवढी बादली भरते." ते थांबले. मग म्हणाले, "राहू दे आता."

मी पंधरा वर्षांची होते. चार दिवसांत बदली माणूस येईल, हे आबांचं वाक्य मी मनात धरून ठेवलं ते पुष्कळ वर्षं. तोंडानं कधी बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी आम्ही अंबरनाथला आलो. आबांना एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि मला काडेपेटीच्या कारखान्यात. पेट्यांत काड्या भरायच्या, पेट्या गठ्ठ्यात बांधायच्या. शिवमंदिराच्या अलीकडे, ओढ्याजवळ कौलारू चाळीत एक खोली घेतली. चाळीतले लोक आम्हाला सिंधी समजायचे, कारण मी भाजीवाल्याशी बोलताना पटकन सिंधी शब्द यायचा. कॅम्पात गेलो की तिथले आम्हाला मराठे म्हणायचे.

इथं आल्यावर आबांनी किल्ल्याचा इतिहास पुन्हा लिहायला घेतला. वह्या नव्हत्या, सगळं आठवणीतून. फाटकावरून सुटून आले की भिंतीला टेकून बसायचे, मांडीवर पाट, पाटावर वही. मीर, चाचे, दगडाची खाण, भिंतीची जाडी. अडलं की तांडेलाला पत्र टाकायचे. तांडेलाला लिहिता येत नसे. बंदरावरचा एक गुजराती मुनीम त्याच्यासाठी लिहून द्यायचा, आणि आबांना गुजराती वाचता यायचं. "मोठा बुरुज बावीस पावलं, माझ्या पावलांनी. तुझी पावलं लहान," असली उत्तरं यायची. ते पत्र आलं की आबा दोन दिवस माणसांत असायचे. मग तो मुनीमही कराची सोडून इकडे आला आणि पत्रं थांबली. आबा लिहीत राहिले.

सगळं लिखाण एका जागी येऊन अडलं. तोफेच्या जागी.

ती एकच तोफ कुठल्या बुरुजावर होती? जमिनीकडच्या दरवाज्यातून आत गेलं की भिंतीला लागून पडक्या पायऱ्या होत्या आणि त्या तोफेच्या बुरुजावर जायच्या, एवढं आबांना आठवत होतं. पायऱ्या डाव्या हाताला असतील तर बुरुज खुल्या समुद्राकडे तोंड करून होता. तिथून लांबचं जहाज दिसतं, इशारा देता येतो, पण वाटेतल्या जहाजावर मारा करता येत नाही. म्हणजे ती इशाऱ्याचीच तोफ. पायऱ्या उजव्या हाताला असतील तर बुरुज थेट पाण्याच्या वाटेवर होता. मग ती तोफ जहाजावर रोखलेली असू शकत होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लष्करानं तो भाग बंद केला. त्यानंतर आबा तिथं गेले नव्हते, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यात डावं-उजवं एक झालं होतं.

बंद होण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मला तिथं नेलं होतं. मी सहा वर्षांची असेन.

"आठव बघू," ते म्हणाले. मी नुकती कामावरून आले होते. बोटांना गंधकाचा वास, पाठ मोडलेली, चुलीवर भात. "तू माझ्या खांद्यावर होतीस. दरवाज्यातून आत गेलो. मग पायऱ्या कुठल्या अंगाला?"

"मला नाही आठवत, आबा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. "नीट आठव. तुझं डोकं लहानपणी तल्लख होतं."

चौथ्या दिवशी ताटं वाढलेली होती. ते ताटाकडे बघतही नव्हते. आई गेली तेव्हा हा माणूस एक दिवस रडला आणि पाचव्या दिवशी रेशनच्या रांगेत उभा राहिला. आणि एका पडक्या पायरीसाठी याचा घास उतरत नाही, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "डावीकडे."

"नक्की?"

"नक्की. चढताना माझा डावा हात भिंतीला घासत होता. खरचटला होता."

हे मी कुठून काढलं मला ठाऊक नाही. आबांचा चेहरा असा उजळला की मला शरम वाटली, आणि तरी मी काही बोलले नाही. ते पोटभर जेवले. मीही जेवले.

त्या वर्षात त्यांनी सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं. शाईनं, समास आखून. दोन जाड वह्या झाल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून ठाण्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांकडे ते वह्या घेऊन गेले. त्या गृहस्थांचा इतिहासाचा अभ्यास होता. मी बरोबर होते. त्यांनी तासभर पानं चाळली.

"मेहनत मोठी आहे," ते म्हणाले. "पण तो किल्ला आता परक्या देशात. छापणार कोण, वाचणार कोण? कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर लिहा की, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे."

"दुर्गाडी मी पाहिलेला नाही," आबा म्हणाले.

"मग जाऊन पाहा."

आबा वह्या गोळा करू लागले. हेडमास्तरांना दया आली असावी. ते म्हणाले, "हे बघा, यात एकही कागद पुरावा म्हणून नाही, सगळं आठवणीवर. निदान मोजमापं कुणाकडून तरी पडताळून घ्या. एक गोष्ट चुकलेली निघाली, तर लोक बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. पडताळलंत तर मी कुठंतरी शब्द टाकीन."

घरी येताना आबा उत्साहात होते. आताही खरं सांगता आलं असतं. पण पडताळणार कसं? तिकडे जाणार कोण? असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्याच वर्षी कॅम्पातले सिंधी मास्तर तिकडे जायला निघाले. त्यांची म्हातारी बहीण कराचीतच राहिली होती, ती शेवटच्या घटका मोजत होती. मोठ्या खटपटीनं त्यांना व्हिसा मिळाला. निघण्यापूर्वी ते आमच्याकडे आले तेव्हा आबांनी पाच प्रश्न लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला. पाचवा प्रश्न पायऱ्यांचा. "मनोऱ्याला जा. नाहीच जाता आलं तर तांडेलाला शोधा," आबा म्हणाले.

महिन्यानं, एका रविवारी सकाळी, मास्तर आले. खाटेवर बसले, पाणी प्यायले. बहीण ते पोचण्यापूर्वीच गेली होती. आबांनी तिचं विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं.

मग मास्तरांनी खिशातून कागद काढला. आता ते बरंच मराठी बोलत. "किल्ल्यात जाऊ देत नाहीत. तिथं आता नौदल आहे. पण तुमचा तांडेल भेटला, धक्क्यावर. एक डोळा गेला त्याचा. तुमचं नाव काढल्यावर माझा हात सोडीना. सगळे जवाब त्यानं सांगितले, मी लिहिले."

पहिली चार उत्तरं आबांच्या वहीशी जुळली. प्रत्येक उत्तराला आबा मान हलवत होते. मी चहा गाळत होते.

"पायऱ्या," मास्तर म्हणाले, "सीधे हाथ. उजव्या."

"विसरला असेल तो," आबा म्हणाले. "वय झालं."

"मी पण तेच म्हटलं. तो हसायला लागला. म्हणाला, पोरपणी आम्ही त्या पायऱ्यांनी वर जाऊन बुरुजावरून वाटेच्या पाण्यात उड्या मारायचो. दुसऱ्या बाजूला खाली खडक आहेत. तिकडे उडी मारली असती तर आज तुमच्यासमोर उभा नसतो."

आबांनी वही घेतली आणि पान शोधलं. मी ती वही कधीच उघडली नव्हती. त्यांनी मोठ्यानं वाचलं. "पायऱ्या डाव्या हातास आहेत. माझ्या मुलीने त्या प्रत्यक्ष पाहिल्या असून तिची साक्ष मी पूर्ण भरवशाची मानतो." मग माझ्याकडे पाहिलं.

"मला आठवत नव्हतं, आबा," मी म्हटलं.

"मग हात खरचटल्याचं?"

मी हातातली गाळणी खाली ठेवली.

"का ग?"

"तुम्ही रोज विचारत होता. जेवत नव्हता."

ते रागावले नाहीत. रागावतील म्हणून मी वाट बघत होते. मास्तर घाईनं म्हणाले, "अरे दादा, एक लफ्ज आहे. डाव्याचं उजवं करा. बाकी किताब तर खरी आहे."

"एक शब्द नाही मास्तर," आबा म्हणाले. "तोफ वाटेवर रोखलेली होती. मग ती इशाऱ्याची कशावरून? त्यानं जहाजावर नेम धरला नाही कशावरून? मी इतकी वर्षं म्हणतोय, त्याची चूक नव्हती, तो आपलं काम करत होता." थोडं थांबून ते म्हणाले, "हिला काय बोलायचं? मी विचारलं तेव्हा मलाही डावीकडेच हवं होतं. हिनं उजवीकडे म्हटलं असतं तर मी पुन्हा विचारलं असतं."

मास्तर गेल्यावर ते तसेच बसून राहिले. चहावर साय धरली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं ते कुणाची बाजू मांडत होते. त्या गोलंदाजाला निर्दोष ठरवल्याशिवाय त्यांना स्वतःला निर्दोष ठरवता येत नव्हतं. बदली माणसाची वाट बघत ते महिनाभर त्या माचीवर थांबले होते, आणि खाली आई सामान बांधून बसली होती. मला म्हणावंसं वाटलं, आबा, ते जाऊ द्या, मी माफ केलं. पण मी माफ केलेलं नव्हतं. ते खोटं मात्र त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर त्यांनी वहीला हात लावला नाही. हेडमास्तरांकडे जाण्याचं नाव काढलं नाही. फाटकावर जात, येत, जेवत. मी विचारलेल्याला उत्तर देत. मी मुद्दाम किल्ल्याचा विषय काढायची. "आबा, त्या दगडाची खाण कुठं होती हो?" ते म्हणत, "होती कुठंतरी." एके दिवशी फाटकावर एक लॉरी त्यांनी न तपासता सोडली. साहेबांनी जाब विचारला, तर म्हणाले, "मला दिसलीच नाही." ज्यानं उभा जन्म क्षितिजावरचा ठिपका ओळखण्यात घालवला, त्याला समोरची लॉरी दिसली नाही. त्यांना कामावरून कमी केलं.

मग आम्ही बदलापूर गावात राहायला गेलो. तिथं भाडं कमी होतं आणि गाडीनं मला कामावर जाता येत होतं. घरमालक शेतकरी, भले लोक. मालकीणबाई दुपारी आबांना ताक आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, जरा नदीवर फेरी मारून या, पाणी बघून बरं वाटंल." ते हो म्हणायचे आणि ओट्यावरून उठायचे नाहीत. दीड वर्ष ते त्या ओट्यावर बसले. आजार असा काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, छाती कमजोर आहे. एका सकाळी मी डबा भरत असताना त्यांनी हाक मारली. मी "आले" म्हटलं. जाऊन पाहिलं तर संपलं होतं.

वह्या मास्तरांनी मागून घेतल्या. सिंधीत उतरवतो म्हणाले, आपल्या लोकांना कळू दे. मी लगेच दिल्या. मला त्या घरात नको होत्या. पुढे मास्तर मुलाकडे राहायला गेले, आधी पुण्याला, मग आणखी कुठं. एक पत्र आलं, मग आलं नाही. वह्यांचं काय झालं मला माहीत नाही, आणि मी शोध घेतला असंही नाही.

अस्थी समुद्रात सोडाव्या असं त्यांच्या मनात असणार. त्यांनी सांगितलं नव्हतं. मुंबईला जाऊन यायचं तर दिवस मोडला असता आणि माझ्या सुट्ट्या संपल्या होत्या. म्हणून कल्याणच्या खाडीवर गेले. मास्तर तेव्हा अजून कॅम्पातच होते, ते बरोबर आले. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी पार लांब, मध्ये सगळा काळा चिखल. होडीवाला कोळी म्हणाला, "आता नाय जमायचं. भरती चार तासांनी. बसा सावलीला."

माझी पाळी दुपारची होती. उशीर झाला तर फाटकातून परत पाठवत. मी मास्तरांकडे पाहिलं.

"धीअ, तू जा," ते म्हणाले. "मी बसतो."

मी मडकं त्यांच्या हातात दिलं आणि स्टेशनकडे चालू लागले.